कोर्टात उभी राहणारी स्टुडंट आणि मागच्या बाकावरचा इंटर्न

माझी भाची तिकडे अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या बे एरियात लॉ करतेय, सेकंड इयर. मागच्या महिन्यात तिने फॅमिली ग्रुपवर टाकलं की आज कोर्टात उभी राहिले, पोलिसाची उलटतपासणी घेतली, झालं, पाच मिनिटांत सगळ्यांनी तिच्या नावामागे ॲड. लावून टाकलं. आणि माझा पुतण्या, जो इकडे पुण्यात एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्याच्या मागे लागले की अरे तूपण वकिलाकडे इंटर्नशिप करतोस ना, मग तू कधी उभा राहणार? बिचारा दोन दिवस ग्रुपवर फिरकलाच नाही.

तर दोघंही स्टुडंटच, दोघंही वकिलाच्या हाताखाली, पण एकीकडे कोर्टात बोलायची परवानगी आहे आणि दुसऱ्याकडे नाही. भाची जी आहे तिला कॅलिफोर्नियात म्हणतात सर्टिफाइड लॉ स्टुडंट, आणि ते नुसतं कौतुकाचं नाव नाहीये, त्यासाठी तिथल्या कोर्टाचा नियमच आहे, ९.४२ नंबरचा. लॉ स्कूलचं एक पूर्ण वर्ष झालेलं पाहिजे, एव्हिडन्स आणि सिव्हिल प्रोसिजर हे दोन विषय झालेले किंवा चालू पाहिजेत, आणि मुख्य म्हणजे एका वकिलाने लेखी जबाबदारी घेतली पाहिजे की ही माझ्या देखरेखीखाली काम करेल. मग स्टेट बारकडे, म्हणजे तिथल्या वकिलांच्या संस्थेकडे अर्ज, आणि त्यांनी सर्टिफाय केलं की काम सुरू. त्याआधी तोंड उघडायचं नाही.

जबाबदारी घेणारा वकील पण कालपरवा लायसन मिळालेला चालत नाही, निदान दोन वर्षं प्रॅक्टिस केलेली लागते, आणि त्याने साध्या ऑफिसात एका वेळी पाचच स्टुडंट घ्यायचे. स्टुडंटने ड्राफ्ट केलेलं प्लीडिंग, म्हणजे कोर्टात द्यायचं लेखी म्हणणं, त्याने वाचायचं, सही त्याचीच. अशिलाला सल्ला द्यायचा तरी त्याची मंजुरी, आणि सुनावणीत अशिलासाठी उभं राहायचं तर अशिलाची लेखी संमती, कोर्टाची मान्यता आणि तो वकील स्वतः शेजारी हजर. एक सवलत आहे म्हणा, सरकारी बाजूने ट्रॅफिक दंडासारख्या अगदी किरकोळ केसेसमध्ये वकिलाने आधी लेखी ओके दिलं असेल तर स्टुडंट एकटाही उभा राहू शकतो.

भाचीची केस तशी किरकोळ नव्हती. गाडी अडवून झडती घेतलेली, ती झडती बेकायदेशीर होती म्हणून त्यात सापडलेला पुरावा वगळा असा अर्ज होता. ती म्हणाली मामा मी प्रश्न रात्रभर पाठ केले होते आणि तिसऱ्या प्रश्नाला पोलिसाने भलतंच उत्तर दिलं तर डोकं एकदम ब्लँक. शेजारी बसलेल्या मॅडमनी, म्हणजे तिच्या देखरेखीच्या वकिलांनी, काही न बोलता पिवळं पॅड फक्त तिच्याकडे सरकवलं, त्यावर एकच शब्द, ‘वेळ?’. म्हणजे गाडी किती वाजता थांबवली ते विचार. तिने विचारलं आणि गाडी रुळावर आली. सुरुवातीलाच तिला कोर्टाला सांगावं लागलं होतं की मी सर्टिफाइड लॉ स्टुडंट आहे आणि अमुक वकिलांच्या देखरेखीखाली आहे, वकील आहे असं भासवायला सक्त मनाई.

आता गंमत अशी की त्याच ऑफिसात तिच्याच वर्गातला एक मुलगा आहे, त्याने अर्जच केलेला नाही, तो साधा इंटर्न. तोही रिसर्च करतो, ड्राफ्ट करतो, कोर्टात येतो, पण मागे बसतो. बाहेरून बघणाऱ्याला फरक कळणारच नाही. आणि नावांचा गोंधळ तर विचारू नका, फ्लोरिडात अशा सर्टिफाय झालेल्यालाच सर्टिफाइड लीगल इंटर्न म्हणतात, म्हणजे तिकडे इंटर्न शब्द ऐकून लगेच हलकं समजू नका. इलिनॉयमध्ये नियम नंबर ७११ आहे म्हणून पोरं त्याला सेव्हन-इलेव्हन म्हणतात, त्या नावाच्या दुकानासारखं.

इकडे आपल्याकडे असला दरवाजाच नाही. ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ सांगतो की प्रॅक्टिसचा हक्क सनद, म्हणजे वकिलीचं लायसन, असलेल्या वकिलालाच, आणि सनद नसताना प्रॅक्टिस केली तर कलम ४५ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद. कलम ३२ मध्ये कोर्ट एखाद्या ठराविक केसपुरती सनद नसलेल्या माणसाला परवानगी देऊ शकतं, पण ती त्या त्या केसची गोष्ट, सरसकट स्टुडंटसाठी सोय नव्हे. इंटर्नशिप मात्र सक्तीची, तीन वर्षांच्या कोर्सला किमान १२ आठवडे, पाचच्या कोर्सला २०. काळा कोट घालायला मिळतो, पण टायवर. गळ्यातला पांढरा बँड आणि गाऊन वकिलाचा, त्यामुळे कॉरिडॉरमध्ये ओळखायचं असेल तर गळ्याकडे बघा.

डिग्रीनंतर तरी सिनिअरकडे सक्तीचं शिकणं असावं म्हणून बार काउन्सिलने १९९५ मध्ये एक वर्षाच्या ट्रेनिंगचे नियम केले होते, पण तसं करायचा अधिकारच १९७३ च्या दुरुस्तीने काढून घेतलेला आहे म्हणून १९९९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते रद्द केले. मला विचाराल तर नियम टिकला नाही यापेक्षा त्याच्या जागी धड दुसरं काही आलं नाही हे जास्त वाईट झालं. आमचं शिकणं म्हणजे जर्नल. एक सिव्हिल, एक क्रिमिनल ट्रायल बघायची आणि लिहायची, आणि अर्धा वर्ग सिनिअरच्या जर्नलवरून उतरवतो, मीही उतरवलंय, खोटं कशाला बोलू.

माझी स्वतःची फजिती पण सांगतो. इंटर्न असताना एकदा पुकारा झाला, सर दुसऱ्या कोर्टात अडकलेले, फाइल माझ्या हातात. नुसती तारीख तर मागायचीय म्हणून उठलो, कोट होताच अंगावर. जजसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, सनद नंबर? सगळं कोर्ट माझ्याकडे बघतंय. त्यांनी तारीख दिली, पण आधी मला खाली बसवलं आणि अशिलाला पुढे बोलावून त्यालाच दिली.

भाचीच्या परवानगीला पण मुदत आहे हे ग्रुपवर कुणालाच माहीत नव्हतं. पास आउट झाली की ज्या पहिल्या बार एक्झामला, म्हणजे वकिलीच्या लायसनच्या परीक्षेला, ती बसू शकते तिला बसली नाही किंवा नापास झाली तर सर्टिफिकेशन गेलं, परत मागच्या बाकावर. म्हणून तिने आईला सांगून ग्रुपवरचं ते ॲड. काढायला लावलंय. माझ्या बहिणीने काढलं, पण पुष्पगुच्छांचे फोटो ठेवलेत.