लग्नाची कॅसेट आणि कूलरची हवा

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरी, लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात, शालूंच्या शेजारी मावशीच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट तीस वर्षांहून अधिक काळ ठेवलेली होती. लग्न 1991 च्या मे महिन्यातले. मागच्या वर्षी कॅसेट बाहेर काढली, तेव्हा तिच्या खिडकीतून फितीच्या गुंडाळीच्या कडेवर साबुदाण्याच्या पिठासारखे पांढरट ठिपके दिसले. ती बुरशी होती. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात बुरशी कशी लागेल, असा प्रश्न घरातल्या प्रत्येकाने विचारला आणि त्याचे उत्तर त्याच खोलीच्या खिडकीत घरघरत होते.

मे महिन्यात बाहेरची हवा अगदी कोरडी असते, हे खरे. परंतु कूलर ती हवा ओल्या खसातून किंवा वुडवूलच्या जाळीतून ओढतो, पाण्याचे बाष्पीभवन होऊन हवेतली उष्णता खर्ची पडते आणि थंडाव्याबरोबर सगळी वाफही खोलीत येते. एप्रिलपासून जूनपर्यंत कूलर आणि पुढे सप्टेंबरपर्यंत पावसाळा, असा जवळजवळ अर्ध्या वर्षाचा दमटपणा आपल्या कपाटांतल्या फितींच्या वाट्याला येतो.

दमटपणाचा फितीशी काय संबंध, हे कळण्यासाठी फितीची घडण पाहावी लागते. व्हीएचएस, म्हणजे त्या काळी घरोघरी असलेल्या व्हिडिओ कॅसेटमधली फीत 12.7 मिलिमीटर रुंद आणि सुमारे 20 मायक्रॉन जाड, म्हणजे केसाहूनही कितीतरी पातळ असते. पाया पॉलिएस्टरचा आणि त्यावर लोह ऑक्साइडच्या सूक्ष्म चुंबकीय कणांचा थर. हे कण पायाला धरून ठेवते ते पॉलियुरेथेनचे चिकटद्रव्य आणि सगळ्यात आधी दगा देते तेही तेच. हवेतल्या पाण्याचे रेणू त्याच्या लांबलचक साखळ्यांमधले एस्टर बंध तोडतात. या क्रियेला जलापघटन म्हणतात. बंध तुटताना आम्ल तयार होते आणि ते आम्ल पुढची मोडतोड आणखी वेगाने करते. थर मऊ व चिकट होतो, फीत यंत्रात अडकते, कण सुटून हेडवर, म्हणजे फितीवरचे लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या चुंबकीय टोकावर, बसतात आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसू लागतात.

चुंबकत्व मात्र सहजासहजी जात नाही. लोह ऑक्साइडचे चुंबकत्व तापमानाने नाहीसे व्हायला 500 अंश सेल्सिअसच्याही वर जावे लागते, त्यामुळे नागपूरचा 45 अंशांचा उन्हाळा कणांवर लिहिलेले काही पुसत नाही. याचा अर्थ कॅसेट वाळवणासारखी गच्चीवर ठेवावी असा नव्हे. आमच्या घरात पापडांच्या शेजारी तिला एक दिवस ऊन दाखवण्याचा प्रस्ताव गंभीरपणे मांडला गेला होता, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे. उन्हात प्लास्टिकचे कवच वाकते, फीत असमान ताणली जाते आणि मग ज्या रेषांत तिच्यावर चित्र लिहिलेले असते त्या हेडच्या वाटेशी जुळत नाहीत.

या रेषा हा व्हीएचएसमधला खरा बुद्धिचातुर्याचा भाग आहे. चित्राच्या संकेतात सेकंदाला सुमारे तीस लाख कंपनांपर्यंतचा तपशील असतो आणि तो लिहिण्यासाठी हेड व फीत यांच्यात सेकंदाला जवळपास पाच मीटरचा सापेक्ष वेग लागतो. फीतच त्या वेगाने पळवायची ठरवली, तर तीन तासांच्या लग्नाला सुमारे 54 किलोमीटर फीत लागेल. म्हणजे तिचे एक टोक नागपुरात आणि दुसरे रामटेकच्या आसपास. जपानच्या जेव्हीसी कंपनीने 1976 मध्ये बाजारात आणलेल्या या पद्धतीत फीत सेकंदाला जेमतेम 23 मिलिमीटर सरकते आणि त्याऐवजी 62 मिलिमीटर व्यासाचा ढोल सेकंदाला 25 वेळा फिरतो. त्यावर समोरासमोर बसवलेली दोन हेडे फितीवर तिरक्या रेषा ओढत जातात. प्रत्येक रेषा साधारण दहा सेंटिमीटर लांब, तिच्यात सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्श्याचे चित्र. तीन तासांत अशा 5,40,000 रेषा अडीचशे मीटर फितीवर मावतात.

आवाज मात्र फितीच्या कडेने, त्याच मंद गतीने, सरळ रेषेत लिहिलेला असतो. जुन्या कॅसेटमधली सनई चोंदल्यासारखी ऐकू येते ती त्यामुळे. बुरशीही कडेनेच आत शिरते, म्हणून पुष्कळदा चित्र शाबूत असताना मंगलाष्टके आधी बिघडतात.

आमची कॅसेट डिजिटल करून घेण्यासाठी प्रथम शहरातल्या एका दुकानात दिली होती. तेथून जी डीव्हीडी आली तिच्यात सगळे वऱ्हाडी आडवे फुगलेले दिसत होते, कारण 4:3 प्रमाणाचे चित्र 16:9 मध्ये ताणले होते. शिवाय अक्षता टाकणाऱ्या हातांना कंगव्यासारखे दाते आले होते. ही दुसरी चूक समजून घेण्यासारखी आहे. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत सेकंदाला 25 पूर्ण चित्रे नसून 50 अर्धी चित्रे असतात, एकात विषम ओळी व दुसऱ्यात सम ओळी. दोन अर्ध्यांमध्ये सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्श्याचे अंतर असते आणि तेवढ्यात हात पुढे गेलेला असतो. दोन्ही अर्धी आंधळेपणाने एकत्र विणली की दाते दिसतात. प्रत्येक अर्ध्यातून गणिताने पूर्ण चित्र उभे करून सेकंदाला 50 चित्रांची फाइल केली, तर हालचाल मुळासारखी सलग राहते.

तेव्हा दुसऱ्यांदा हे काम घरी केले. बुरशी असलेली कॅसेट तशीच लावली तर यंत्रही बाधते आणि त्यात नंतर घातलेल्या चांगल्या कॅसेटही बाधतात, म्हणून आधी फीत जाणकाराकडून साफ करून घेतली. व्हीसीआर, म्हणजे कॅसेट चालवणारे यंत्र, मिळवणे हेच मोठे काम होते, कारण ही यंत्रे बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने 2016 मध्ये उत्पादन थांबवले. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहाने चुंबकीय फिती डिजिटल करून घेण्यासाठी 2025 हीच अखेरची मुदत धरली होती, ती फितींच्या आयुष्याइतकीच यंत्रे, सुटे भाग आणि कारागीर संपत चालल्यामुळे.

फीत किंचित ताणलेली असल्याने चित्राची प्रत्येक ओळ थोडी मागेपुढे सुरू होते आणि उभे खांब थरथरतात. प्रत्येक ओळ पळभर साठवून ती नेमक्या 64 मायक्रोसेकंदांच्या तालावर सोडणारे टाइम बेस करेक्टर नावाचे उपकरण ही थरथर काढते. चित्राच्या तळाशी दिसणारी फाटकी पट्टी मात्र दोष नव्हे: तेथे एक हेड काम संपवून दुसऱ्याकडे सोपवते आणि जुन्या टीव्हीच्या चौकटीखाली ती पट्टी झाकली जात असे.

साठवणुकीत कंजुषी करू नये, असे माझे ठाम मत आहे. 720 गुणिले 576 बिंदूंचे चित्र न दाबता ठेवले तर तासाला सुमारे 75 जीबी जागा लागते. एफएफव्ही1सारख्या फाइल दाबण्याच्या पद्धतीने एकही बिंदू न गमावता ती निम्म्याच्या आसपास येते. ही मूळ प्रत दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, त्यातली एक दुसऱ्या घरी, आणि नातेवाइकांना पाठवायला तिच्यातून काढलेली एक-दोन जीबीची फाइल. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा व्हिडिओ वाटेत पुन्हा दाबला जातो, म्हणून त्याला प्रत समजू नये. शक्य असल्यास फाइल तुकडे करून धाडावी. तीन तासांचे लग्न पुण्यातला भाचाही पाहणार नाही, विधींचे पाच मिनिटांचे तुकडे मात्र सगळे पाहतात.

पहिल्यांदा पूर्ण प्रत लावली तेव्हा मावशीला शेजारी बसवून फोनवर तिचा आवाज ध्वनिमुद्रित केला आणि तो त्याच फोल्डरमध्ये ठेवला. पंगतीत वडाभातावर फोडणीचे तेल वाढणारा, बंडी घातलेला एक मुलगा दिसतो. घरात कोणालाच तो ओळखू येत नव्हता. मावशीने चित्र थांबवायला लावले, चष्मा पुसला आणि म्हणाली, "अरे, हा आपल्या घरचा नाहीच. शेजारच्या वाड्यातला. आमचे वाढपी कमी पडले म्हणून धावत आला, आणि शेवटच्या पंगतीपर्यंत स्वतः जेवला नाही बघ."