फ्लेमिंगो पाहायला माणूस नेमका कशासाठी येतो?

फ्लेमिंगोंच्या हंगामात ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून भरती-ओहोटीची वेळ साधून ठाणे खाडीत बोटी सुटतात. एकाच बोटीत गळ्यात दुर्बीण अडकवलेला पक्षीनिरीक्षक असतो, मुलांना घेऊन आलेलं कुटुंब असतं आणि केवळ फोटोसाठी आलेली मित्रमंडळीही असते. खाडी तीच, थवाही तोच, पण पक्ष्यांच्या किती जवळ गेलं म्हणजे समाधान होतं, हे प्रत्येकाचं वेगळं. खाडी टिकवायची तर आधी हा फरक समजून घ्यावा लागतो.

प्रवाशाच्या हेतूंचा अभ्यास सुरू झाला तो निसर्गाच्या काळजीपोटी नव्हे. लोक विमानप्रवास का टाळतात, हे विमान कंपन्यांना जाणून घ्यायचं होतं. त्या कामातून पर्यटन संशोधक स्टॅन्ली प्लॉग यांनी १९७४ मध्ये ओळखीचं, सुरक्षित ठिकाण निवडणारे आणि अनोळखी वाटेने जाणारे अशी प्रवाशांची मांडणी केली. १९७७ मध्ये समाजशास्त्रज्ञ ग्रॅहम डॅन यांनी आणखी नेमकी विभागणी केली: घरातून बाहेर ढकलणारी कारणं वेगळी आणि ठिकाणाकडे ओढणारी वेगळी. ठाणेकराला हे पटकन पटेल. पहिल्या पावसात येऊरला जाणाऱ्या अनेकांना जंगल ओढत नाही, आठवडाभराचा शीण त्यांना तिकडे ढकलतो. म्हणून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत, आदिवासी पाड्यांच्या शेजारी रात्री मोठ्या आवाजात गाणी वाजतात. जंगलाबद्दल त्यांच्या मनात राग नसतो, ते जंगलासाठी आलेलेच नसतात.

शाश्वत विकासाची कल्पना संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाच्या १९८७ च्या ब्रुंटलँड अहवालाने जगभर पोहोचवली, आणि २००२ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय निसर्ग पर्यटन वर्ष म्हणून पाळलं. निसर्गाच्या ओढीने येणारा माणूस निसर्ग जपेलच, असा भरवसा तेव्हा होता. पुढच्या संशोधनाने तो डळमळीत केला. सुट्टीवर आलेला माणूस आनंदासाठी आलेला असतो, घरी पाळलेले नियमही तिथे सैल होतात. स्लोव्हेनियातल्या एका हॉटेलात मात्र वेगळा प्रयोग झाला. ताट स्वच्छ संपवणाऱ्या कुटुंबातल्या मुलांना शिक्के गोळा करण्याचा खेळ दिला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ताटातली नासाडी ३४ टक्क्यांनी घटली. पर्यावरणावर भाषण देण्याऐवजी कुटुंब ज्यासाठी आलं होतं, त्या मजेतच ही सवय मिसळून दिली होती.

आपल्या खाडीला या अनुभवाची गरज आहे. ठाणे खाडीत फ्लेमिंगो मोठ्या संख्येने दिसू लागले १९९० च्या दशकात. २०१५ मध्ये अभयारण्य जाहीर झालं, २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा रामसर दर्जा मिळाला. नवी मुंबईने तर स्वतःची ओळखच ‘फ्लेमिंगो सिटी’ अशी करून घेतली. ओढणारं कारण असं झपाट्याने वाढलं, पण येणाऱ्याच्या मनात काय आहे याचा विचार मागे राहिला.

भरती आली की खाडीतला चिखल पाण्याखाली जातो आणि थवे नेरूळकडच्या पाणथळींवर विसावतात. तिथल्या डीपीएस तलावात २०२४ मध्ये काही फ्लेमिंगो मेलेले आढळले. तलावात अडलेलं भरतीचं पाणी पुन्हा यावं म्हणून आवाज उठवला तो पक्षीप्रेमींनी आणि आसपासच्या रहिवाशांनी. हा तलाव त्यांच्या रोजच्या पाहण्यातला होता. एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने हा तलाव संवर्धन राखीव क्षेत्र करायला मंजुरी दिली. एका दिवसाच्या पाहुण्याकडून एवढी आस्था लगेच मागता येणार नाही, ती यायला पुन्हा पुन्हा यावं लागतं.

फोटोसाठी आलेल्याला ‘जवळ जाऊ नका’ एवढंच सांगून भागत नाही. पाणी कधी ओसरतं, चिखल उघडा पडल्यावर थवा कुठे उतरतो, उजेड कुठल्या बाजूने येतो, हे बोटीत बसतानाच सांगावं. फोटो दुरूनही चांगला येतो आणि खाद्य टिपणारा थवा उडत नाही. येऊरच्या वेशीवर मात्र आजही बंदीच्या पाट्यांवरच भर आहे.