मोजा पायात नीट बसतो म्हणजे काय होतं?

मोजे निवडताना आपण बहुतेक वेळा एवढंच करतो: चिमटीत धरून ते किती मऊ आहेत ते पाहतो. पण हाताला मऊ लागलेला मोजा पायाला सुखाचा होईलच असं नाही. पायात गेल्यावर त्याच्यावर अख्ख्या शरीराचा भार पडतो, तो घामाने ओलावतो, आणि पावलागणिक बूट त्याला एकीकडे खेचतो तर कातडी दुसरीकडे. या ओढाताणीत मोजा जागचा हलला नाही तर त्याची आठवणही होत नाही. म्हणून माझ्या मते मोज्याची पहिली परीक्षा मऊपणाची नाही, जागेवर राहण्याची आहे.

याचं कारण कळायला एक छोटा प्रयोग पुरतो. एका हाताच्या पाठीवर दुसऱ्या हाताचं बोट जरा दाबून ठेवा आणि मागे-पुढे हलवा. बोट घसरत नाही. कातडीच त्याच्याबरोबर सरकते आणि आतलं हाड जागेवर राहतं. बुटात हेच घडतं, फक्त उलट बाजूने. टाचेचं हाड प्रत्येक पावलाला पुढे-मागे, वर-खाली होतं, आणि मोज्याला चिकटलेली कातडी मागे राहते. हाड आणि कातडी यांच्यामधले थर असे हजारो वेळा तिरके ताणले गेले की बाह्यत्वचेच्या आतच एक बारीक चीर पडते आणि तिच्यात पाणी भरतं. फोड येतो तो असा. वरून कातडी घासली जाऊन फोड येतो असं आपल्याला वाटतं, पण फाटतं ते आत.

ओलावा यात भर घालतो. कोरड्या कातडीपेक्षा दमट कातडीवर कापड जास्त घट्ट चिकटतं, त्यामुळे तिरका ताणही वाढतो. दुहेरी थराचे मोजे यावर चांगला उपाय करतात. आतला थर कातडीला धरून राहतो, बाहेरचा बुटाला, आणि जी काही घसरण व्हायची ती दोन कापडांच्या मध्ये होते. लांब पल्ला चालणाऱ्यांनी ते जरूर वापरून पाहावेत.

मोजा पायाच्या आकाराला जुळवून घेतो तो विणीमुळे. मागावरच्या कापडात उभे-आडवे धागे जवळजवळ सरळ असतात, त्यामुळे ते फारसं ताणलं जात नाही. मोज्यात मात्र धाग्याचा प्रत्येक टाका हा एक वळसा असतो आणि तो शेजारच्या वळशात अडकलेला असतो. ओढलं की वळसे लांबट होतात, सोडलं की पुन्हा गोल होऊ पाहतात. धागा तेवढाच राहतो, आकार बदलतो. ही कल्पना फार जुनी आहे. इजिप्तमध्ये तिसऱ्या ते पाचव्या शतकांतले, एकाच सुईने वळसे घालून केलेले लोकरीचे मोजे सापडले आहेत. चपलेचा पट्टा बसावा म्हणून त्यांचा अंगठा बाकीच्या बोटांपासून वेगळा केलेला आहे. इंग्लंडमध्ये विल्यम ली यांनी १५८९ मध्ये पायमोजे विणण्याचं यंत्र बनवलं. ताणून सोडल्यावर झटकन परत येण्याची आजची सवय मोज्यांना लागली ती स्पॅन्डेक्समुळे. जोसेफ शिव्हर्स या रसायनशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये ड्युपाँ कंपनीत हा धागा तयार केला. तो आपल्या लांबीच्या पाचपट ताणला जाऊनही मूळ लांबीवर येतो, त्यामुळे मोज्यात त्याचं प्रमाण अगदी थोडं असलं तरी काम भागतं.

आता टाच. मोज्यातला सगळ्यात अवघड भाग हाच आहे, आणि घेताना त्याकडेच आपलं सगळ्यात कमी लक्ष जातं. पोटरीतून खाली आलेला पाय घोट्यापाशी जवळजवळ काटकोनात वळतो. पुढच्या बाजूने, म्हणजे पावलाच्या वरून, हे अंतर कमी आहे. मागून टाचेला वळसा घालून जाणारं अंतर बरंच जास्त. मोजा नुसत्या सरळ नळीसारखा विणला तर पुढे चुण्या पडतात आणि मागे कापड तंग होतं. म्हणून गोल विणणारं यंत्र टाचेपाशी आलं की पूर्ण फेरा थांबवतं आणि अर्ध्याच सुयांवर पुढे-मागे विणतं. आधी एकेक सुई कमी करत जातं, मग एकेक परत घेतं. त्यातून टाचेची खोलगट वाटी तयार होते. कुठलाही मोजा उलगडून बघा: टाचेच्या दोन्ही अंगांना घोट्याच्या दिशेने जाणारी एक तिरकी रेघ दिसेल. सुया कमी-जास्त केल्याची ती खूण आहे. ती रेघ आखूड असेल तर वाटी उथळ आहे असं समजावं.

मोजा घालून उभं राहिल्यावर ही वाटी टाचेच्या गोलाईवर बरोबर बसायला हवी. ती घोट्याकडे वर चढत असेल तर मोजा मोठा आहे. तळव्याखाली सरकत असेल तर लहान आहे, आणि असाच मोजा चालताना घसरत बुटात जातो. त्याच्या पावलाचा भाग ताणलेला असतो, तो आखडू पाहतो. टाच उचलली की बूट मोज्याला खाली ओढतो, आणि वरची पट्टी तेवढी पकड धरू शकत नाही. प्रत्येक पावलाला थोडं थोडं करत शेवटी सगळा मोजा चवड्याखाली गोळा होतो. लोक मग वरच्या इलॅस्टिकला दोष देतात. पण दोष बहुधा पावलाच्या लांबीत असतो.

पाकिटावरच्या मापाचंही तसंच. युरोपीय मापात एक अंक म्हणजे सेंटिमीटरचा दोनतृतीयांश भाग, म्हणजे ‘३९ ते ४२’ असं लिहिलेला एकच मोजा २ सेंटिमीटर फरकाच्या पावलांना बसेल असं उत्पादकाचं म्हणणं असतं. आपलं माप या पल्ल्याच्या मध्याजवळ असेल तर उत्तम. अगदी टोकाला असेल तर कमी पल्ल्याची मापं ठेवणारा उत्पादक शोधावा. पाऊल मोजायचं ते संध्याकाळी, उभं राहून, आणि दोन्ही पायांचं. दिवसभरात पाय थोडा सुजतो, आणि भार पडला की लांबी-रुंदीही वाढते.

वरची पट्टी काचते त्यामागे भूमितीचा साधा नियम आहे. ताण तेवढाच असेल तर वळण जितकं लहान तितका दाब जास्त. म्हणून तीच पट्टी जाड पोटरीपेक्षा बारीक घोट्यावर जास्त रुतते, आणि नडगीच्या धारेवर वळ उठून दिसतात. तोच ताण रुंद पट्टीवर पसरला तर दाब कमी होतो, त्यामुळे अरुंद आणि करकचून धरणाऱ्या पट्टीपेक्षा रुंद, सैलसर पट्टी केव्हाही बरी. मोजे काढल्यावर थोड्या वेळात जाणारे पुसट वळ काळजीचे नाहीत. पण अंगठ्याने दाबल्यावर खळगा तसाच राहत असेल तर ती सूज आहे, ती डॉक्टरांना दाखवावी.

धाग्याबद्दल थोडक्यात. दोन्ही पावलांत मिळून सुमारे अडीच लाख घर्मग्रंथी असतात. साधारण दमट हवेत १०० ग्रॅम कोरडा कापूस ८ ग्रॅमच्या आसपास पाणी धरतो, लोकर त्याच्या जवळपास दुप्पट, नायलॉन सुमारे ४ ग्रॅम आणि पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. कापूस घाम शोषतो खरा, पण सोडत नाही. बसून काम असेल तर तो चालतो, खूप चालायचं असेल तर बारीक लोकर आणि नायलॉन यांचं मिश्रण मला जास्त भरवशाचं वाटतं. लोकर टोचते ती जाड तंतूंमुळे. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतू कातडीला टेकल्यावर वाकत नाही, बोचतो. मेरिनो लोकरीचे तंतू याहून पुष्कळ बारीक असतात. धुताना मोजे उलटे करावेत आणि कडक उष्णता टाळावी, कारण स्पॅन्डेक्स त्यानेच लवकर निकामी होतं.

राहिली बोटांवरची शिवण. स्पर्शाच्या बऱ्याचशा चेतातंतूंना एकसारख्या दाबाची लगेच सवय होते, म्हणून अंगावरचे कपडे आपल्याला सतत जाणवत नाहीत. चालताना मात्र शिवणीवरचा दाब दर पावलाला बदलतो आणि ती पुन्हा पुन्हा जाणवते. टाक्याला टाका जोडून बंद केलेली सपाट शिवण हवी ती यासाठी. मोजा उलटा करून तिच्यावरून बोट फिरवलं की उंचवटा लगेच हाताला लागतो.

मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे त्यांना ना शिवण बोचते, ना चुणी, ना फोड जाणवतो. जखम होऊनही दिवस निघून जातात. त्यांनी बिनशिवणीचे, न काचणारे आणि मुद्दाम पांढरे किंवा फिक्या रंगाचे मोजे घ्यावेत, घालण्याआधी आतून हात फिरवावा, आणि रात्री काढल्यावर मोजा उजेडात नीट पाहावा. रक्ताचा किंवा पाण्याचा डाग दिसला तर दुखत नसलं तरी लगेच पाय डॉक्टरांना दाखवावा.