मिठाचं सगळ्यांना माहितीये, पण गवताचं?

सविनय कायदेभंग म्हटलं की दांडी आणि मूठभर मीठ, शाळेच्या पुस्तकापासून तेच. पण यवतमाळला कुठला आलाय समुद्र? वऱ्हाडातल्या लोकांनी एप्रिल 1930 मधे अकोल्याकडे दहीहंड्याला खाऱ्या विहिरींच्या पाण्यातून मीठ काढलंच, पण पावसाळा लागल्यावर मीठ कसं वाळवणार? मग मोडायला दुसरा कायदा शोधला, जंगलाचा.

हे दुखणं जुनंच. 1878 च्या कायद्यापासून सरकारने जंगलं 'राखीव' करायचा सपाटा लावला, म्हणजे कालपर्यंत जिथे गुरं चरायची, सरपण मिळायचं तिथे आज गेलात की गुन्हेगार. जोतीराव फुल्यांनी 1883 च्या 'शेतकऱ्याचा असूड'मधेच जंगलखात्याला झोडपलंय. पुढे 1927 चा कायदा आला, राखीव जंगलात गवत कापलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद नाहीतर 500 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हाचे 500 हां!

आता खरी गंमत बघा, लोक हा कायदा रोजच मोडत होते, करणार काय, म्हशीला थोडीच कायदा कळतो, पण ते सगळं चोरून, गार्डची नजर चुकवून. जंगल सत्याग्रहात तेच गवत दिवसाढवळ्या, आधी जाहीर करून कापायचं आणि पळायचं नाही, अटक करून घ्यायची. माझ्या मते सगळा फरक तेवढाच आणि सरकारला तोच जड गेला.

10 जुलै 1930 ला वऱ्हाडातले पुढारी लोकनायक बापूजी अणे यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदला विळा घेऊन राखीव जंगलात गेले आणि थेट तुरुंगात. त्याच महिन्यात डॉ. हेडगेवारही सरसंघचालकपद तात्पुरतं दुसऱ्याकडे देऊन यवतमाळकडच्या सत्याग्रहात उतरले, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मग हे लोण संगमनेर, बिळाशी असं पसरत गेलं.

पण सगळीकडे शांततेतच झालं असंही नाही. 25 सप्टेंबरला उरणजवळ चिरनेरला अक्कादेवीच्या डोंगरावर हजारो लोक जमले आणि गोळीबार झाला, आठ आंदोलक गेले, आणि त्या गदारोळात खुद्द मामलेदारही मेले.

मार्च 1931 च्या गांधी-आयर्विन करारात किनाऱ्यावरच्या गावांना घरापुरतं मीठ बनवायची सूट मिळाली. गवतवाल्यांच्या पदरात काही नाही. 1927 चा तो कायदा दुरुस्त्या होत होत आजही चालूच आहे, आणि गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला जंगलावरचा सामूहिक हक्क कागदावर मिळायला 2009 उजाडलं.