घागरीखालची ढेकळं आणि उंदराचं चाक

अक्षय्य तृतीया झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे सगळ्यांच्या मोबाइलवर एकच बातमी फिरते: भेंडवळच्या घटात काय निघालं? बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यातलं हे गाव. वावरात गोलाकार 18 धान्यं मांडतात, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं आणि त्यांवर पाण्याची घागर. कोणतं ढेकूळ किती भिजलं, त्यावरून पाऊस सांगतात. शेजारचे काका यंदा म्हणाले, "जून चांगला सांगतला. मंग काहाले थांबू?"

ढेकूळ भिजतं ते घागर पाझरते म्हणून. जूनच्या मोसमी वाऱ्यांना त्याचा पत्ताही नसतो. पण एवढं बोलून काकांना अडाणी ठरवणं मला मान्य नाही. घटातून त्यांना पावसाची माहिती मिळत नाही, तरी काहीतरी मिळतं, आणि ते थेट मेंदूत घडतं.

स्टीव्हन मायर आणि मार्टिन सेलिगमन या मानसशास्त्रज्ञांनी 1967 मध्ये कुत्र्यांवर प्रयोग करून म्हटलं होतं, की असहायता शिकली जाते. पुढे मायर उंदरांकडे वळले. दोन उंदीर, दोघांच्या शेपटीला विजेचे झटके. पहिल्याने पुढ्यातलं चाक फिरवलं की दोघांचाही झटका थांबतो. दुसऱ्याने फिरवून काहीच होत नाही. म्हणजे झटके अगदी सारखे, फरक फक्त ताब्याचा. तरी नंतर सुटकेची वाट समोर असूनही दुसरा खचलेला राहतो.

मेंदूच्या देठात पेशींचा एक पुंजका आहे, पृष्ठीय राफे केंद्रक. त्रास लांबला की तो सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन सोडत सुटतो, आणि प्राणी भेदरतो, हालचाल सोडतो. कपाळामागच्या मेंदूला 'माझ्या करण्याने फरक पडतोय' हे कळलं, की तो या पुंजक्याला लगाम घालतो. 2005 मध्ये मायर यांच्या गटाने औषधाने हा कपाळामागचा भाग गप्प केला, तर चाकवाला उंदीरही खचला. 2008 मध्ये उलट केलं: चाक निकामी, पण तो भाग चेतवलेला. उंदीर शाबूत राहिला! ताबा नव्हताच, फक्त ताब्याचा संदेश होता. 2016 मध्ये मायर-सेलिगमन यांनी आपलाच जुना निष्कर्ष उलटवला. असहायता मुळातलीच असते, शिकावा लागतो तो ताबा.

उंदरावरून माणसावर उडी जपूनच मारावी. तरी मला वाटतं, भिजलेलं ढेकूळ असाच संदेश देत असावं. त्यामुळे झोप लागते, पण त्याच भरवशावर धूळपेरणी केली, म्हणजे पावसाआधीच कोरड्या मातीत पेरलं, आणि पावसाने ताण दिला तर दुबार पेरणी ठरलेली. राग येतो तो टीव्हीवाल्यांचा, जे हे भाकीत हवामान अंदाजाच्या जोडीला बसवतात.

फिरणारी चाकं वावरात आहेत. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरायचं नाही. सरळ कडांचा डबा उघड्यावर ठेवला की पट्टीनेही मोजता येतं. काकांना मी डबा दिला, आणि घरच्या बियाण्यातले 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायला लावले. सत्तर उगवले तर बियाणं ठीक.

सहाव्या दिवशी काकांनी ओसरीवर गोणपाट उलगडलं. कोंब आलेला एकेक दाणा बोटाने बाजूला सारत ते पुटपुटत मोजत होते. चौसष्ट. पुन्हा मोजले. चौसष्टच.

"एकरी बी वाढवा लागन," ते म्हणाले आणि डबा पाहायला वावराकडे निघाले.