लांबच्या रस्त्याने लवकर

पृथ्वीचा गोल घ्या आणि एक दोरा. दोऱ्याचं एक टोक दिल्लीवर दाबून धरा, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि ताणा. दोरा युरोपवरूनही जात नाही आणि जपानवरूनही नाही. हिमालय आणि तिबेट ओलांडून तो उत्तरेला सायबेरियात शिरतो, आर्क्टिक समुद्राची कड धरतो आणि अलास्कावरून खाली उतरतो. अंतर भरतं साधारण १२,४०० किलोमीटर.

मग विमान या दोऱ्यावरून का जात नाही? एक अडचण तिबेटच्या पठाराची. केबिनमधला हवेचा दाब गेला, तर वैमानिकाला झटपट तीन किलोमीटर उंचीपर्यंत खाली यावं लागतं. प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन काही मिनिटांपुरताच असतो. तिबेटची जमीनच चार किलोमीटरच्या वर. खाली येणार कुठे?

म्हणून वळसा घ्यायचा. एअर इंडियाचं विमान पूर्वी पश्चिमेकडे, अटलांटिक ओलांडून जायचं: सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६मध्ये कंपनीने तोंडच फिरवलं. म्यानमार, चीन, जपान आणि पुढे पॅसिफिक. हा रस्ता सुमारे १५,३०० किलोमीटरचा, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्तीचे. वेळ मात्र साडेचौदा तास, आधीपेक्षा जवळजवळ दोन तास कमी!

भागाकार करून बघा. नव्या रस्त्याने ताशी सरासरी १,०५५ किलोमीटर पडतात, जुन्याने ८४०च्या आसपास. विमान तेच, इंजिनंही तीच. पण विमानाचा ताशी ९०० किलोमीटरचा वेग असतो तो भोवतालच्या हवेच्या मानाने. ती हवाच वाहत असेल, तर गत नदीतल्या होडीची. पूर्वेकडे जाताना वाऱ्याने ताशी दीडशे किलोमीटर फुकटात दिले. पश्चिमेकडे जाताना तोच वारा वसुली करत होता.

हे वारे म्हणजे जेट स्ट्रीम. विषुववृत्ताकडची हवा तापलेली, ध्रुवाकडची गारठलेली. उंचावरची उबदार हवा ध्रुवाकडे सरकू लागते आणि पृथ्वी फिरत असल्यामुळे पूर्वेला वळते. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर, विमानं उडतात तिथेच, तिचे जोरदार पट्टे तयार होतात. हिवाळ्यात जपानवर ते ताशी २०० किलोमीटर सहज ओलांडतात. जपानी हवामानतज्ज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२०च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले. साऱ्या जगाला वाचता यावं म्हणून त्यांनी निष्कर्ष एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत छापले. जगाने काही ते फारसे वाचले नाहीत.

तिकीट बघून मात्र या प्रवासाचा काहीच अंदाज येत नाही. उन्हाळ्यात दिल्लीहून रविवारी पहाटे चारला निघून साडेचौदा तास उडालात, तर उतरता रविवारीच सकाळी सहाला. घड्याळाच्या हिशेबाने दोन तास! बाकीचे साडेबारा तास दोन शहरांच्या वेळेतल्या फरकात जिरतात.

परतताना अटलांटिकवरून यायचं, म्हणजे पुन्हा पूर्वेकडेच, पुन्हा वारा पाठीशी. २०१७मध्ये एअर इंडियाच्या फक्त महिला कर्मचारी असलेल्या एका विमानाने असंच केलं: पॅसिफिकवरून गेलं, अटलांटिकवरून दिल्लीला आलं. एका फेरीत पृथ्वीप्रदक्षिणा.