हाड मोडलं तर तीन वर्षं, ‘किंवा’ दहा हजार

मराठवाड्यातल्या कुठल्याही पोलीस ठाण्यात अपघाताची फिर्याद वाचा, एक वाक्य हमखास सापडेल: ‘आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने व निष्काळजीपणे, भरधाव वेगात चालवून…’ पुढे फक्त वाहन बदलतं. गाळप हंगामात ते बहुधा उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली असतं, धुळे-सोलापूर महामार्गावर ट्रक, समृद्धीवर एखादी भारी मोटार. माणूस दगावला तर बातमी होते, रास्ता रोको होतो, ‘सदोष मनुष्यवधाचं कलम लावा’ अशी मागणी होते. जगला आणि पाय गमावून घाटीतून, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयातून, घरी आला, तर त्याला धडक देणाऱ्याला शिक्षा किती झाली, हे गावातही कुणी विचारत नाही. विचारलं तर उत्तर ऐकून चक्रावायला होईल, आणि ही शिक्षा फारच सौम्य आहे का, असा प्रश्न पडेल.

या उत्तराची मुळं १८६० सालच्या भारतीय दंड संहितेत आहेत. तेव्हा मोटार जन्मालाही आली नव्हती. कलम २७९ लिहिताना डोळ्यांपुढे होते टांगे, बग्ग्या, बैलगाड्या आणि भर बाजारातून घोडा उधळवणारा स्वार. सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन हाकलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. त्यात कुणाला दुखापत झाली तर कलम ३३७ : सहा महिने किंवा पाचशे रुपये. गंभीर दुखापत झाली तर ३३८ : दोन वर्षं किंवा हजार रुपये. त्या काळी हजार रुपये ही मजुराला आयुष्यात एकरकमी न दिसणारी रक्कम होती, त्यामुळे दंडालाही वजन होतं. पुढं रुपया घसरत गेला आणि आकडा तिथंच राहिला. हयगयीने मृत्यू घडवण्याचं वेगळं कलम मूळ संहितेत नव्हतंच. ३०४-अ हे कलम १८७० साली घातलं गेलं आणि त्यालाही कमाल शिक्षा दोनच वर्षं. म्हणजे माणूस मारला काय आणि जन्माचा अधू केला काय, तुरुंगवासाची कमाल मर्यादा दीडशे वर्षं एकच होती.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. हैदराबाद संस्थानाची दंडसंहिता वेगळी होती, पण तिचा साचा बराचसा इंग्रजी मुलखातल्या संहितेचाच. संस्थानाची प्रवासी बससेवा १९३२ साली सुरू झाली. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं आणि १ एप्रिल १९५१ पासून भारतीय दंड संहिता इथं थेट लागू झाली. राज्य बदललं, कोर्टाची भाषा उर्दूवरून हळूहळू मराठीवर आली, मोडलेल्या हाडाची किंमत मात्र तीच राहिली.

याच काळात कायद्याने दुसरी एक वाट काढली, आणि माझ्या मते खरी फारकत तिथं झाली. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातली सक्तीच्या थर्ड पार्टी विम्याची तरतूद १ जुलै १९४६ पासून अमलात आली. १९५६ च्या दुरुस्तीने भरपाईसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणं आणली. आज आपण ज्याला ‘क्लेम टाकणं’ म्हणतो, ती वाट हीच. ती वाईट होती असं कुणी म्हणणार नाही, तिच्यावर हजारो घरं तगली. पण पैसे विमा कंपनी देते, चालवणाऱ्याच्या खिशाला सहसा झळ लागत नाही. फौजदारी खटला उरतो तो क्लेमला जोडायच्या कागदांपुरता. एफआयआर, पंचनामा आणि दोषारोपपत्राच्या नकला मिळाल्या की जखमीचाही त्यातला रस संपतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, तारखांना जायला एसटीचं भाडं लागतं.

न्यायालयं मात्र गप्प नव्हती. १९७९ साली रत्तन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्या. कृष्ण अय्यर यांनी ट्रकचालकाची दोन वर्षांची शिक्षा कमी करायला नकार दिला आणि देशाचे महामार्ग रोगराईपेक्षा जास्त माणसं मारतात अशा अर्थाचं भाष्य केलं. २००६ मध्ये मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर मोटारीने सात जणांना चिरडलं, आठ जखमी झाले. सत्र न्यायालयाने शिक्षा दिली सहा महिने. उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध धरून ती तीन वर्षं केली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. २०१५ च्या सौरभ बक्षी खटल्यात तर उच्च न्यायालयाने दोन मृत्यूंसाठीची एक वर्षाची कैद, भरपाई दिली म्हणून, भोगलेल्या २४ दिवसांवर आणली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती सहा महिने केली आणि ३०४-अ च्या शिक्षेचा फेरविचार करा, असं कायदेमंडळाला सुचवलं. नीट पाहिलं तर हे सारे गाजलेले निवाडे मृत्यूचे आहेत. नुसत्या जखमींचा खटला दिल्लीपर्यंत पोचतो कुठं?

उलट बाजूचा एक निवाडाही ध्यानात ठेवायला हवा. १९९८ मध्ये कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की गाडी ‘वेगात’ होती एवढ्यावरून बेदरकारपणा सिद्ध होत नाही. म्हणजे आपल्या फिर्यादीतला तो लाडका शब्द, ‘भरधाव’, एकटा काही कामाचा नाही. ब्रेकच्या खुणा, रस्त्याची रुंदी, ट्रॉलीच्या मागं लाल दिवा होता की नाही, हे पंचनाम्यात आलं तरच खटला उभा राहतो. छापील मजकुरात गाडी नंबर भरून केलेल्या पंचनाम्यावर आरोपी सुटला, तर शिक्षा पाच वर्षं असो की पन्नास, फरक काय पडला?

कायदा बदलायची खरी हालचाल सुरू झाली ती आपल्याच माणसाच्या मृत्यूनंतर. ३ जून २०१४ रोजी, केंद्रात मंत्री होऊन आठवडा उलटत होता तोवर, बीडचे खासदार गोपीनाथ मुंडे दिल्लीत मोटार अपघातात गेले. गुन्हा नोंदला गेला तो २७९ आणि ३०४-अ खाली. केंद्रीय मंत्री असला तरी कलम तेच, कमाल दोन वर्षं! नितीन गडकरींच्या खात्याने त्याच वर्षी रस्ता सुरक्षेच्या नव्या कायद्याचा मसुदा आणला. पुढं तो मवाळ होत होत मोटार वाहन कायद्यातली दुरुस्ती म्हणून २०१९ मध्ये मंजूर झाला. कलम १८४ मध्ये धोकादायक वाहन चालवण्याला पहिल्या खेपेस सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार दंड, किंवा दोन्ही. महाराष्ट्रात तर विधानसभा निवडणूक तोंडावर होती, म्हणून वाढीव दंडाला आधी स्थगिती मिळाली. तो लागू व्हायला डिसेंबर २०२१ उजाडलं.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. हयगयीने मृत्यू घडवला तर आता कलम १०६(१) : पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. गंभीर दुखापतीला कलम १२५(ब) : तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मृत्यूच्या कलमातला ‘किंवा’ गेला, जखमीच्या कलमात तो राहिला. शिक्षा सौम्य आहे का, या प्रश्नाचं माझं उत्तर या एका शब्दात आहे. तीन वर्षांचा आकडा कागदावर बरा दिसतो, पण दंड भरून कोर्टाच्या पायऱ्या उतरायची वाट कायद्यानेच उघडी ठेवली आहे. गंभीर दुखापतीच्या व्याख्येत वीस दिवसांऐवजी पंधरा दिवसांची असह्य वेदना किंवा नित्याची कामं करता न येणं पुरेसं झालं, ही चांगली सुधारणा. पण याच संहितेत मारहाणीमुळे कुणाला कायमचं अपंगत्व आलं किंवा तो निपचित पडून राहिला, तर किमान दहा वर्षांची कैद आहे. तेच ट्रकने केलं तर मर्यादा तीन वर्षं. हेतू वेगळा, म्हणून शिक्षा वेगळी, हे तत्त्व मला मान्य आहे. मधलं अंतर मान्य नाही.

या संहितेतलं सगळ्यात गाजलेलं कलम मात्र अजून लागूच नाही. मृत्यू घडवून, न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद, हे ते १०६(२). १ जानेवारी २०२४ ला ट्रकचालकांनी चाकं थांबवली, मनमाडजवळच्या पानेवाडीहून टँकर निघेनात, आणि आपल्याकडे पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. दुसऱ्या दिवशी सरकार नमलं. चालकांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं: थांबलं तर जमाव मारतो. पण या साऱ्या भांडणात जखमी कुठंच नव्हता, कारण ते कलमही मृत्यूपुरतंच. पळून गेलेली गाडी सापडली नाही, तर गंभीर जखमीला सरकारी योजनेतून पन्नास हजार मिळतात. एप्रिल २०२२ च्या आधी ते साडेबारा हजार होते.

दुसरीकडेही असंच घडलंय. ब्रिटनमध्ये बेफाम गाडी हाकून दुखापत करण्याचं १८६१ चं जुनं कलम होतं, त्याला दोनच वर्षं. धोकादायक वाहन चालवून मृत्यू घडवण्याचा वेगळा गुन्हा तिथं १९५६ साली आला. गंभीर दुखापतीचा वेगळा गुन्हा, कमाल पाच वर्षांचा, यायला २०१२ उजाडावं लागलं. मेलेल्याच्या मागून जिवंत माणूस कायद्यात पोचायला त्यांनाही छप्पन्न वर्षं लागली.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे: दुखापतीचं कलम तडजोडीला मोकळं आहे, मृत्यूचं नाही. बीडचा ऊसतोड कामगार टोळीबरोबर ट्रकच्या टपावर बसून जातो, पहाटे फडाकडे निघालेली ट्रॉली मागून ठोकली जाते, पाय जातो. तडजोडीचा निरोप बऱ्याचदा दवाखान्यातच येतो. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, म्हणजे कामाची एक जोडी, धरतात, एक जायबंदी झाला की कोयता थांबतो, पण मुकादमाकडून घेतलेली उचल थांबत नाही. ती पुढच्या हंगामात फेडायची असते. क्लेमचा निकाल कधी लागेल ठाऊक नाही, आणि समोरचा रोख पैसे आजच द्यायला तयार असतो.